वहिनी, हाडं दुखतात ना?

४ मार्च

वहिनी, आणि वहिनीच्या आधी हे पाकीट फोडणाऱ्या वहिनीच्या आई,

आपल्या तिघींची तक्रार एकच आहे. आपला माणूस गेला, आणि कशाने गेला असं विचारलं की समोरचा मान खाली घालून म्हणतो, "तो रोग होता ना." संपलं. बेचाळीस वर्षांचा, अंगमेहनतीचं काम करणारा माणूस हॉटेलच्या लाँड्रीच्या दोन पायऱ्या उतरताना पडतो, त्याचा खुबा मोडतो, खाटेवर पडल्या पडल्या तो जातो, आणि कोणालाच नवल वाटत नाही! दुसऱ्या कोणाचा भाऊ, नवरा, जावई असता तर लोकांनी विचारलं असतं, एवढ्याशा पडण्याने एवढं मोठं हाड मोडतंच कसं? आपल्या माणसाबद्दल कोणी विचारलं नाही, कारण एचआयव्ही हे एकच उत्तर लोकांना सगळ्या प्रश्नांना पुरतं. मी ते उत्तर मानत नाही. तुम्हीही मानू नका.

आता वहिनी, तुझ्याशी. आई, तुम्ही इथे थांबणार नाही हे मला माहीत आहे. मग निदान चष्मा पुसून नीट वाचा.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू मला जे बोललीस ते माझ्या कानातून गेलेलं नाही. "तुझ्या गोळ्यांनी गेले ते! अकरा वर्षं डोक्यावर बसून गिळायला लावल्यास." सगळा वॉर्ड माना वळवून बघत होता. शिलाई कारखान्याच्या फाटकावर शेकडो बायकांपुढे बोलणारी मी, सख्ख्या भावाने जिचं नाव तोफखाना ठेवलं ती मी, मला एक शब्द सुचला नाही. सगळं आटोपल्यावर तू बॅग भरलीस आणि आईकडे निघून गेलीस. गोळ्यांचा डबा ओट्यावर ठेवून गेलीस. तुझा डबा, वहिनी. दादाचा नव्हे.

मी भांडायला लिहीत नाही. भांडायचं असतं तर दारात येऊन भांडले असते, मला त्याची लाज कधीच नव्हती. लिहिते आहे ती काल गुंडी भेटली म्हणून. लाँड्रीत चादरीची एक बाजू तू धरायचीस आणि दुसरी ती, त्यामुळे तुझ्या हातापायांची चाल तिच्याएवढी कोणाला माहीत असणार? ती तुला भेटून आलीय. म्हणाली, "उठताना आधी टेबल धरते, मग मांडीवर हात रोवते, मग कुठे उठते. चालते तर बदकासारखी डुलत. केस विंचरायला हात वर जात नाही. मी म्हटलं, काय गं, म्हातारी झालीस? तर हसून म्हणाली, पाहुण्याचे लाड आहेत."

पाहुणा! तुम्ही दोघांनी त्या विषाणूला दिलेलं नाव. आधी मला ते आवडायचं. वाटायचं, माणसं किती हिमतीने थट्टा करतात. दादा म्हणायचा, "राहतो आमच्याकडे, पण काम काडीचं करत नाही." मग हळूहळू प्रत्येक गोष्ट त्या पाहुण्याच्या नावावर जायला लागली. दाढ दुखली, पाहुणा. पोट बिघडलं, पाहुणा. पोटऱ्या ठणकल्या, कंबर धरली, जिना चढवेना, पाहुणा, पाहुणा, पाहुणा. सगळं त्याच्याच माथी मारलं, म्हणून दुसरं कोण घरात शिरलंय ते कोणी बघितलंच नाही.

वहिनी, मागच्या वर्षी बदकासारखं कोण चालायला लागलं होतं? मांडीवर हात रोवून कोण उठत होतं?

मला बाकी काही सांगू नकोस. माझ्यावरचा राग तसाच ठेव. एवढंच लिही, तुझी हाडं दुखतात ना?

तुझी नणंद


२१ मार्च

वहिनी,

तुझं उत्तर आलं नाही, तुझ्या आईंचं आलं. एकच ओळ. "मुलगी बरी आहे, भाषणं कारखान्यात द्यावीत." आई, ओळ झकास आहे. आमच्या युनियनला तुमच्यासारखी माणसं हवीत. पण तुमची मुलगी बरी नाही.

तुम्हा दोघांना गोळ्या देणाऱ्या आपल्या दवाखान्यात मी गेले होते. हो, मुद्दाम भांडायला. आतल्या खोलीतल्या त्या तरुण डॉक्टर, ज्यांना दादा 'बाईसाहेब' म्हणायचा, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "अकरा वर्षं माझा भाऊ इथे येत होता. त्याचं रक्त तुम्हाला दिसलं, हाडं दिसली नाहीत?"

"बसा," त्या म्हणाल्या.

"मी उभीच ठीक आहे."

"मग मीही उभी राहते." आणि खरंच उठून उभ्या राहिल्या. "दुखत होती? कुठे?"

मी सांगितलं. पोटऱ्या, कंबर, बरगड्या. बरगडीवर बोट दाबलं तरी कळवळायचा. कपाटावरची पेटी काढायला हात वर जाईना. त्या ऐकत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मला कधी बोलले नाहीत," त्या म्हणाल्या. "दर खेपेला विचारलं. म्हणायचे, एकदम मस्त, बाईसाहेब. पाहुणा गाढ झोपलाय."

"पण तो हाडांच्या डॉक्टरकडे जात होता! तेल दिलं, पट्टा दिला, वेदनेच्या गोळ्या दिल्या."

"त्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगितलं होतं?"

वहिनी, तिथे मी बसले. कारण मला माहीत होतं, नव्हतं सांगितलं. त्या डॉक्टरचा कंपाउंडर तुमच्याच गल्लीत राहतो. त्याला कळलं असतं म्हणजे दुधवाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं असतं. आणि इकडे दवाखान्यात दुखण्याचं सांगितलं तर बाईसाहेब गोळी बदलतील ही भीती. पहिल्या गोळीने सुरुवातीला किती चक्कर यायची, कसली भयंकर स्वप्नं पडायची, ते पुन्हा नको. म्हणून तुम्ही दोघांनी वाटणी केलीत. एका डॉक्टरकडे हाडं नेलीत, दुसऱ्याकडे रक्त. पुरा माणूस कोणाकडेच गेला नाही.

मी हे तुला टोचायला लिहीत नाही. माझा राग त्या जगावर आहे, जिथे माणसाला स्वतःचे असे दोन तुकडे करून दोन दारांत न्यावे लागतात.

डॉक्टरांनी माझ्यासमोर हॉस्पिटलला फोन लावला. दादाला भरती करताना घेतलेलं रक्त कोणीतरी व्हिटॅमिन डीसाठी तपासायला पाठवलं होतं. उत्तर तो गेल्यावर आलं, म्हणून कोणी उघडून बघितलं नव्हतं. त्यांनी आकडा ऐकून कागदावर लिहिला आणि फोन ठेवला.

"त्यांच्या अंगातलं डी जवळजवळ संपलं होतं," म्हणाल्या.

डी नसलं की खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही, हाडं आतून मऊ पडतात, मांडीखांद्याचे स्नायू लुळे होतात. एचआयव्ही असलेल्या मोठ्या माणसांत हे त्यांना वरचेवर दिसतं. काहींना लोकांच्या नजरेपायी घराबाहेर पडणं नकोसं होतं, मग ऊन मिळत नाही, आणि उन्हाशिवाय अंगात डी तयार होत नाही. काही जुन्या गोळ्या शरीरातलं डी भराभर संपवतात, आणि दुसरी एक गोळी हाडं जराशी विरळ करते. हे सगळं एकाच माणसात जमलं म्हणजे काय होतं ते आपण पाहिलं.

मी विचारलं, "म्हणजे यानेच गेला?"

"असं मी म्हणणार नाही. हाड एवढ्याशा कारणाने मोडायला हे पुरेसं होतं. ऑपरेशन लांबलं, पडून राहिल्याने पायात रक्ताची गाठ झाली, ती फुप्फुसात गेली. पण दुखतंय असं कळलं असतं, तर साध्या औषधाने हाडं सावरता आली असती." मग हळूच म्हणाल्या, "मीही बोट लावून बघायला हवं होतं."

घरी येताना मला तुमची खोली आठवली. शेजारणीने खिडकीतला गोळ्यांचा डबा पाहिला त्या आठवड्यात दादाने हॉटेलात बाद झालेला पडदा आणून लावला होता. पाहुण्यांना दुपारपर्यंत झोपता यावं म्हणून करतात तो, तीन पदरी, काळ्या अस्तराचा. तो अभिमानाने म्हणाला होता, "बघ, भर दुपारी दिवा लावायला लागतो, एवढा पक्का माल!" दिवसभर तळघरात वाफेच्या इस्त्रीपाशी, घरी आल्यावर त्या पडद्याआड. बाजाराला जायचं ते अंधार पडल्यावर. वहिनी, तुम्ही दोघांनी ऊन शेवटचं कधी पाहिलं होतं?

तो पडदा तुझ्या आईच्या घरीही आहे का?


१० एप्रिल

वहिनी,

तुझं अक्षर पाकिटावर दिसलं तेव्हा मी शिलाईच्या मशीनवर होते. मशीन तसंच चालू राहिलं आणि बाही कॉलरला शिवली गेली. मुकादम ओरडला. मी त्याला काही बोलले नाही, यावरून काय ते समज.

तू लिहितेस, "तोफखाना, भाषण वाचलं. टाळ्या वाजवायला हात वर जात नाहीत, म्हणून मनात वाजवल्या." मी हसले, आणि मग मला हसल्याची शरम वाटली.

तू लिहितेस, "काही गोळ्या डी संपवतात, एक गोळी हाडं विरळ करते, हे तूच लिहिलंस. मग व्हरांड्यात मी काय वेगळं बोलले होते? अडाणी म्हणून माझं खोटं, आणि डॉक्टरणीने म्हटल्यावर खरं?"

तुझी तक्रार रास्त आहे. हजार माणसांपुढे म्हणायला सांगितलंस तर म्हणेन. तू अर्धं खरं बोलली होतीस आणि तुझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पण उरलेलं अर्धंही ऐक. गोळ्या सुरू व्हायच्या आधी दादा कसा होता आठव. तू त्याला उचलून न्हाणीघरात न्यायचीस. तू, जिच्याने ओल्या चादरींचं गाठोडं उचलवत नाही! तो इतका हलका झाला होता. त्या गोळ्यांनी त्याला परत इस्त्रीपाशी उभं केलं. त्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला. तुम्ही दोघं अकरा वर्षं हसलात, भांडलात, चादरींच्या घड्या घातल्यात. ती वर्षं गोळ्यांनी दिली, वहिनी. गोळीचा दोष असेल तर गोळी बदलता येते, कमी पडलेलं डी वेगळं देता येतं. घर गळतं म्हणून आपण छप्पर दुरुस्त करतो, घर पेटवत नाही.

आणि तुझ्या पत्राची शेवटची ओळ. "गोळ्या बंद आहेत आणि मी शांत आहे. आई मला अंगणात बसू देत नाही, समोरची बाई विचारते जावई कशाने गेला. मलाही कुठे जायचं नाही. त्यांच्या वाटेने जाईन. तू अडवू नकोस."

या ओळीला माझ्याकडे भाषण नाही.

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली. जेवताना वाचली, बसमध्ये उभ्याने वाचली, मशीनच्या खणात लपवून वाचली. अन्यायाला उत्तर असतं असं मला त्यांनी शिकवलं. तुझी ती ओळ घेऊन मी कपाटापुढे उभी राहिले आणि कुठलंही पुस्तक काढावंसं वाटलं नाही.

मी अडवणार. तुला राग येऊ दे. मी अडवणार.


३ मे

वहिनी,

तुझं उत्तर नाही. गुंडी म्हणते तुला ताप येऊन जातो आणि तोंड आलंय, घास गिळताना त्रास होतो. गोळ्या थांबवल्या की तो झोपलेला पाहुणा जागा होतो, हे तुला मी सांगायला नको.

काल फाटकावर माझं भाषण होतं. नव्या बायकांना कामाच्या वेळात दवाखान्यात जाऊ देत नाहीत, त्याविरुद्ध. टेबलावर चढले. म्हटलं, "बायांनो, दुखतंय हे सांगायला लाजू नका," आणि आवाज बंद झाला. सगळ्या वर बघत उभ्या. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने हात धरून मला खाली उतरवलं. म्हणाली, "पोरी, तुझ्या घरी कोणीतरी गेलंय ना?" तिला काय सांगणार, की एक गेलाय आणि एक चाललीय?

रविवारी मी तुझ्या आईच्या गल्लीत आले होते. समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. तुझी खिडकी बंद होती. बाहेर इतकं ऊन होतं की दाराची कडी हाताला चटका देत असणार. मी ती वाजवली नाही. तू दार उघडायला उठशील, टेबल धरशील, मांडीवर हात रोवशील, आणि ते मला बघावं लागेल, म्हणून वाजवली नाही. परत आले.

एवढंच.


१७ मे

वहिनी,

काल तुझ्या आईंचा फोन आला. पहिल्यांदाच. मला वाटलं ओरडणार. त्या म्हणाल्या, "ती न्हाणीघरात पडली. पडली पण नाही हो, नळ उघडायला वाकली आणि नुसता हात टेकला. मनगट मोडलं."

मी विचारलं, "प्लास्टर घालणाऱ्याला सगळं सांगितलंत?"

"काय सांगायचं? घसरली म्हणून सांगितलं." "तुमचं ते गल्लीत येऊन परत गेलात ते पत्र मी तिला दिलंच नाही. रडली असती."

"बरं केलंत."

"बरं कसलं? मी तिला चार भिंतींत सांभाळते म्हणून मिरवत होते. माझ्या घरात, माझ्या हातचं खाऊन तिची हाडं मोडायला लागली. आता मी काय करू ते सांगा. पण भाषण नको, नीट सांगा."

त्यांना मी सांगितलं आहे. तुला सांगायचं आहे ते वेगळं आहे. ते मी हॉस्पिटलपासून आतापर्यंत कोणाला बोललेले नाही. तुला कळलं तर तू स्वतःला बोल लावशील, म्हणून गिळून टाकलं होतं. पण तू त्याच्या वाटेने जाते म्हणालीस, तेव्हा त्याची वाट कुठली होती ते तुला ठाऊक असायला हवं.

जायच्या आदल्या दिवशी तू चहा आणायला खाली गेली होतीस. दादाने मला जवळ बोलावलं. म्हणाला, "तिचं बघ. तिचे पाय माझ्यासारखेच दुखतात. माझ्याकडे पाठ करून पोटऱ्या दाबत बसते. मला कळत नाही असं वाटतं तिला." मी म्हटलं, "मग तू तुझं तरी डॉक्टरला का बोलला नाहीस?" तर म्हणाला, "अगं, माझं किती वाढलंय ते कळलं असतं तर तिला तिचं पुढचं दिसलं असतं. घाबरट आहे ती. पाहुण्याचे लाड आहेत, बाकी मी मस्त आहे म्हटलं की तिला वाटायचं, ह्यांचं काही मोठं नाही, तर माझंही नसणार."

तू त्याच्यापासून लपवत होतीस. तो त्याचं किती वाढलंय ते तुझ्यापासून. एका खोलीत, एका पलंगावर, दोघंही एकमेकांना जपत होतात, आणि त्या जपण्यानेच माझा भाऊ मला गमवावा लागला. यात दोष कोणाचा ते मला सापडत नाही, वहिनी. मी खूप शोधला. सापडला असता तर त्याच्यावर तुटून पडले असते, मला तेवढंच येतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, धाप लागलेली असताना, त्याने नर्सकडे पाणी मागितलं. कशाला ते ऐक. गोळी घ्यायला. ओठ निळे पडले होते आणि हा माणूस गोळीची वेळ झाली म्हणत होता. ती घेतली, आणि मला म्हणाला, "तिनं घेतली का विचार."

ही त्याची वाट. तो मरायला निघाला नव्हता. तुझ्यासोबत अजून पुष्कळ जगायला निघाला होता, वाटेत हाड मोडलं. तुला त्याच्या वाटेने जायचंय ना? मग ही घे.

मी बाईसाहेबांना भेटले. तुझी कोणतीही गोष्ट त्यांनी मला सांगितली नाही, सांगणारही नाहीत. फक्त म्हणाल्या, "त्यांना येऊ द्या. गोळ्या का थांबवल्या म्हणून इथे कोणी ओरडणार नाही." पुढचं सगळं त्या बघतील. गुंडी रिक्षा घेऊन दाराशी येईल. आई सोबत येणार आहेत, समोरच्या बाईने विचारलं तर काय उत्तर द्यायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलंय, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी येणार नाही. मला बघून तुझा पाय मागे फिरायला नको.

तुला तिथे काही समजावून सांगावं लागणार नाही. शब्द सापडले नाहीत तरी चालेल. बुधवारी सकाळी त्या आतल्या खोलीत जा, आणि प्लास्टरचा हात बाईसाहेबांच्या टेबलावर ठेव.